राखणीचा कोंबडा

मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, असं पहिल्यांदा ज्यानं कोणी म्हटलं त्याच्या घरी कोंबड्या नव्हत्या, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आमच्या ह्यांना, म्हणजे महादेवरावांना, ते रोज दिसायचं. सकाळी आठच्या सुमाराला पडवीत चहा पीत बसलेले असायचे, आणि समोरच्या लाकडांच्या ढिगातून तांबूस शेपटी सरकली की कप खाली ठेवून हात जोडायचे. "अगं, बघ बघ, मुंगूस! आज काहीतरी चांगलं होणार." व्हायचंच चांगलं. मुंगसाचं. तीन आठवड्यांत माझ्या अकरा कोंबड्यांच्या सहा झाल्या, आणि ह्यांचे हात काही जोडायचे थांबले नाहीत.

मी श्यामला. रोह्याच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून आमच्या वाडीत लहानथोर सगळे मला 'बाई' म्हणतात. वाडी कोलाडहून रोह्याला येताना रस्त्यापासून थोडी आत आहे. अन्नसाखळी मी हजार वेळा फळ्यावर काढली असेल. गवत, टोळ, कोंबडी, मुंगूस, मध्ये बाण. पोरांना सांगायचे, यात कोणी दुष्ट नाही, जो तो आपलं पोट भरतोय. फळ्यावरच्या कोंबडीबद्दल असं बोलायला काही जात नाही. माझी काबरी भरदिवसा अकरा वाजता, मी दहा पावलांवर कपडे वाळत घालत असताना गेली, तेव्हा मी त्या मुंगसाला जे जे बोलले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

वाडीतल्या बायकांनी कारण केव्हाच शोधून काढलं होतं. "बाई, तुमची राखण चुकली ना, त्येचं हाय ह्ये." तोंडावर एकीनंच म्हटलं, पाठीमागे सगळ्या म्हणत होत्या.

आमच्याकडे दिवाळीनंतर भातं कापून झाली की राखण द्यायची असते. शेताला, वाडीला, माणसांना, गुराढोरांना सांभाळणारा जो राखणदार, त्याचं ठाण बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली आहे. देऊळबिऊळ काही नाही, नुसता धोंडा. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, वडीलधाऱ्या माणसानं सगळ्यांच्या वतीनं त्याच्याशी मोठ्यानं बोलायचं, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात, आणि मग रस्सा नि वडे सगळ्या वाडीनं मिळून खायचे. कोंबडा पाळीपाळीनं एकेका घरानं द्यायचा. आमची पाळी आली त्या वर्षी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी देऊ म्हटलं तर त्याच आठवड्यात आमच्या मुलाचा, अनयचा, साखरपुडा. दोन्ही वेळा दुसऱ्यांनी निभावून नेलं.

मी विज्ञानाची बाई. राखणीचा नि मुंगसाचा संबंध नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण पाचवी कोंबडी गेली त्या संध्याकाळी मी ऐनाकडे तोंड करून पुटपुटले, "यंदा नक्की देते, बाबा." आणि इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

कोंबडा होताच. आठ महिन्यांपूर्वी पिल्लं निघाली तेव्हाच हा बाजूला काढला होता. राखणीचा कोंबडा तुऱ्यापासून नखापर्यंत धडधाकट लागतो, कुठे व्यंग चालत नाही, म्हणून याचे लाड जास्त. कण्या मी स्वतःच्या हातानं भरवायचे. नाव मात्र मुद्दाम ठेवलं नाही. जे द्यायचं आहे त्याला नाव ठेवू नये, एवढी अक्कल मला आहे. नुसतं "अरे" म्हणायचे. झालं काय, घरात "अहो" म्हणून हाक मारली तर पेपरामागून हूं की चूं येत नाही, आणि "अरे" म्हटलं की परसातून कोंबडा धावत येतो.

मुंगसाचा त्रास सुरू झाल्यावर मी त्याला मागच्या पडवीत बांबूच्या डालग्याखाली कोंडला आणि वर एक मोठा दगड ठेवला. बाकीच्या परसात मोकळ्या. जाईल ती जाईल, हा राहिला पाहिजे.

आता आमच्या सूनबाईंबद्दल सांगते. मैथिली कराडकडची. लग्नाला नऊ महिने झालेत. अनय धाटावला कंपनीत शिफ्टला जातो आणि ही घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. पोरगी गुणाची आहे, कामाला वाघ आहे, फक्त एक खोड आहे. काही कळलं नाही तर विचारत नाही. उगाच सासूला वाईट वाटेल म्हणून स्वतःच विचार करत बसते, आणि मग विचार करून झाला की थेट कामाला लागते.

तिनं एकदाच विचारलं होतं. "आई, हा एकटाच का कोंडलाय?"

"राखणीचा आहे तो," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि गेली. मला वाटलं, समजली.

राखणीच्या आदल्या बुधवारी मी शेवटी कुंपणापलीकडच्या रशिदाला हाक मारली. खरं म्हणजे मला हाक मारायची नव्हती. रशिदाचा महमूद कतारला असतो, ती एकटी घर बघते, तिच्या चौदा कोंबड्या आहेत आणि वर्षभरात एक गेलेली नाही. मला तर वाटायला लागलं होतं की हे मुंगूस मुद्दाम माझं कुंपण ओळखून येतंय.

रशिदा आली, खुराड्यासमोर उकिडवी बसली आणि फळीखालच्या फटीत दोन बोटं घातली. "बाई, ह्ये बघा. माझी बोटं जातात. मुंगसाचं डोकं गेलं की आख्खं मुंगूस गेलं."

"एवढ्याशा फटीतून?"

"तुमचं खुराडं नाय ह्ये, मुंगसाचं हॉटेल हाय. राहायला लाकडांचा ढीग खुराड्याला चिटकून. सकाळी नाश्त्याला अंडी. दुपारपर्यंत उचलत नाय तुमी. अंडी खायला येतं आणि कोंबडी बघून थांबतं." तिनं उठून पदराला हात पुसले. "ढीग लांब हलवा. अंडी सकाळीच काढा. आणि जाळी मारा, पण ती मोठ्या भोकाची नको, अर्ध्या इंचाची आणा. वीतभर जमिनीत पुरा आणि खालचा काठ बाहेरच्या अंगाला वाकवा. उकरत आलं की जाळीवर नखं घासत बसंल."

"हे सगळं तुला कोणी शिकवलं गं?"

"तुमीच. सातवीत. निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून डोकं खायच्या ना."

मी गुपचूप गुरुवारी सकाळी रोह्याला गेले, अष्टमी गावाकडच्या पुलाजवळ हार्डवेअरच्या दुकानातून जाळीचं भेंडोळं घेतलं आणि मिनीडोर रिक्षेत मांडीवर ते टोचरं धूड घेऊन घरी आले. शेजारी बसलेल्या बाईची ओढणी तीनदा जाळीत अडकली आणि तिघींनी मिळून ती सोडवली. घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

मागच्या पडवीत डालगं कलंडलेलं होतं. दगड बाजूला. कोंबडा नाही.

मैथिली दारातच उभी होती. "आई, आधी शांत व्हा."

मी अजून एक अक्षर बोलले नव्हते.

"मी त्याला ड्युटीवर सोडलाय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"कोंबड्याला. तुम्हीच म्हणालात ना, राखणीचा आहे म्हणून. मी तेव्हापासून विचार करतेय. कोंबड्या बाहेर मोकळ्या फिरतायत, आणि वॉचमनला टोपलीखाली कोंडून वर दगड ठेवलाय! मुंगूस येणार नाही तर काय करेल? मग वाटलं तुमच्याकडे काही पद्धत असेल, म्हणून बोलले नाही. पण आज तुम्ही गेल्यावर ते पुन्हा ढिगात दिसलं. म्हटलं, आता बास. घेतला दगड आणि काढला त्याला."

मला हसू येत होतं आणि तिच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटत होता. कराडकडे राखण म्हणजे शेतावर बसून पाखरं हाकणं, पहारा देणं. चूक तिची नव्हती. ज्याचा जीव रविवारी जायचा त्याला या पोरीनं नोकरीला लावलं होतं. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं की आमच्याकडे राखणीचा कोंबडा काय करतो, म्हणजे त्याचं काय करतात.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे रविवारी?"

"रविवारी."

"आणि मग रस्सा?"

"आणि वडे."

"आई, मी चिकन खाते," ती म्हणाली, "पण ओळखीचं नाही खात."

मी काही बोलायच्या आत परसात एकच कालवा उठला. सहाच्या सहा कोंबड्या कोकलत एकीकडे पळाल्या आणि लाकडांच्या ढिगाजवळ धूळ उडाली. मी जाळीचं भेंडोळं टाकून धावले. मुंगूस पाठ फुगवून, शेपटी ताठ करून उभं होतं आणि त्याच्यासमोर आमचा हा, मानेवरची सगळी पिसं फुलवून, पंख खाली सोडून. मुंगूस डावीकडून आलं, यानं उडी मारून वरून दोन्ही पाय हाणले. ते उजवीकडून आलं, यानं चोच घातली. एकदा त्याची शेपटी मुंगसाच्या तोंडात गेली. कोंबडा गिरकी घेऊन सुटला, आणि पुढच्याच क्षणी त्याची नखं मुंगसाच्या नाकावर बसली. ते किंचाळलं आणि कुंपणातून सुसाट कालव्याकडे पळालं. महादेवराव तेवढ्यात पुढच्या पडवीतून आले. त्यांना नुसती पळती शेपटी दिसली. त्यांनी हात जोडले.

"अरे," मी हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो आला. धापा टाकत, अर्धी शेपटी गमावून, पण माझ्याकडेच आला. मी खाली बसून त्याला मांडीत घेतला आणि तपासायला लागले. आधी तुरा. मग डोळे, पंख, पाय, एकेक नख. मैथिली शेजारी बसली.

"आई, काय शोधताय?"

"व्यंग."

"आहे का?"

मी पुन्हा एकदा तुरा बोटांनी चाचपला. कुठे चिरलाय का, कुठे एवढासा तरी फाटलाय का. नव्हता. पिसांचं काय, ती परत येतात. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आठ महिने ज्याला जपला त्याच्या अंगावर जखम सापडावी म्हणून जीव टांगून बसले होते. जखम असती तर हा वाचला असता. मला तो द्यायचा नव्हता. इतके दिवस स्वतःला सांगितलं नव्हतं, पण मला तो मुळीच द्यायचा नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "धडधाकट आहे मेला." आणि मला रडू आलं.

मैथिलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मग तिचं ते विचार करणं सुरू झालं. "आई, व्यंग असायलाच हवं का? नुसतं दिसलं तर?"

बत्तीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली. बाहीतून चिठ्ठ्या काढल्या, मोज्यातून काढल्या. आणि साठी उलटल्यावर मी मागच्या पडवीत सुनेबरोबर बसून कोंबड्याच्या पायाला गॉझ पट्टी गुंडाळत होते. वर हळद लावली, खरं वाटावं म्हणून. महादेवरावांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही, कारण ते फितूर झाले असते. त्या माणसानं रविवारसाठी धणे-खोबरं भाजायची मला दोनदा आठवण करून दिली होती, आणि वड्यांचं पीठ आंबवायला कधी भिजवणार, हे तर रोज विचारत होते.

"पाय मोडला वाटतं," मी त्यांना म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण रश्श्यात काय कळतंय?"

गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या वाडीत दिनानाथदादांचा. ह्यांचे चुलतभाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगानं काटकुळे, पण आवाज अजून कालव्यापलीकडे जातो. राखणीचा कोंबडा आधी त्यांच्या नजरेखालून जावा लागतो. शुक्रवारी सकाळी ते शेताकडे जाताना आमच्या कुंपणाशी थांबले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "पायाला काय झालं गो त्याच्या?"

"मुंगसानं धरला," मी म्हटलं. "लंगडतोय बिचारा. चालायचा नाही हो राखणीला."

"सांजच्याला येतो बघायला," म्हणाले आणि गेले.

दुपारी त्या लंगड्या बिचाऱ्यानं मातीत लोळून पट्टी सोडून टाकली. मी आत पोहे करत होते. मैथिलीची कंपनीची मीटिंग चालू होती. कानात तो हेडफोन तसाच ठेवून, "येस, येस" करत ती परसात गेली, कोंबड्याला काखेत धरला, नवी पट्टी बांधली, हळद फासली आणि परत येऊन खुर्चीत बसली. मीटिंगमध्ये कोणाला पत्ता लागला नाही. पोरगी कामाला वाघ आहे, म्हटलं ना मी.

संध्याकाळी दिनानाथदादा आले. अंगणात खुर्चीवर बसले, पोह्यांची बशी हातात घेतली. कोंबडा समोरून ऐटीत गेला. मग परत आला. मग एक उडी मारून तुळशीच्या कट्ट्यावर चढला, तिथून कुंपणावर, आणि कुंपणावर उभा राहून मान ताणून असा काही आरवला की रशिदाच्या घरातून तिचा कोंबडा उत्तर द्यायला लागला.

"लंगडतोय म्हणालीस," दादा म्हणाले.

"मधूनमधून लंगडतो," मी म्हटलं.

दादांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली. "श्यामला, सकाळी पट्टी डाव्या पायाला होती."

मी मैथिलीकडे बघितलं. मैथिलीनं कोंबड्याच्या पायाकडे बघितलं आणि जीभ चावली.

"कोंबड्याला काय झालंय ते मला दिसतंय," दादा म्हणाले. "काय बी झालेलं नाय. तुला काय झालंय ते सांग."

मला खोटं बोलायची सवय नाही हो. बत्तीस वर्षांच्या शिकवण्यात तो विषयच कधी आला नाही. सगळं एकदमच बाहेर आलं. "दादा, मला नाही द्यायचा तो. माझा जीव जडलाय त्याच्यावर. हाक मारली की येतो, मांडीवर बसतो. काल मुंगसाशी भांडला माझ्या कोंबड्यांसाठी. मी देईन असं बोलले होते, ऐनाकडे तोंड करून बोलले होते, आणि आता माझा हात होत नाही. दोन वर्षं चुकली, तिसऱ्यांदा मीच मागे फिरतेय. काय व्हायचं असेल ते माझं होऊ दे, पण त्याला नका नेऊ."

महादेवराव तोंड उघडं टाकून बघत होते. लग्नाच्या अडतीस वर्षांत त्यांच्याबद्दल मी कधी असं बोलले नव्हते, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

दिनानाथदादा हसले नाहीत. "मग ह्ये आधी सांगायचं ना गो. तो राखणदार हाय, खाटीक नाय. नारळ दिला तरी मान्य करतो. खालच्या वाडीत दहा वर्षं नारळच देतायत."

मी मान वर केली. मैथिलीनं माझा हात घट्ट धरला.

"पण," दादा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला मुळीच आवडली नाही, "कबूल केलेलं बदलायचं तर कारण सांगावं लागतं. गाऱ्हाण्यात. मोठ्यानं. आणि खोटं कारण चालायचं नाय तिथं."

"कोंबडा मेला म्हणून सांगा."

"कुंपणावर आरवतोय तो."

"मनातल्या मनात सांगा ना मग."

"मनातल्या मनात गाऱ्हाणं घालतात व्हय? आख्खी वाडी हुबी असते. ऐकणार सगळी." ते उठले, काठी घेतली. "तुझ्यावर हाय. कोंबडा दे, माझं एक अक्षर निघायचं नाय. नायतर नारळ दे, आणि मी काय हाय ते सगळं बोलणार."

जाताना कुंपणाशी थांबून त्यांनी मैथिलीकडून नावाची नि पहाऱ्याची सगळी हकीकत काढून घेतली. ते गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले. निम्मी वाडी माझ्या हाताखालून गेलेली. अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण देणारी मी. कोणाची कोंबडी मेली म्हणून पोरगं रडत आलं तर "निसर्गाचा नियम आहे, पूस डोळे" म्हणणारी मी. त्या सगळ्यांपुढे आता ओरडून सांगणार की बाईंनी राखणदाराला नवस बोलला आणि बाई कोंबड्यापायी रडल्या. रस्त्यानं कशी चालणार होते मी दुसऱ्या दिवशी?

शनिवारी रशिदा पहार घेऊन आली. आम्ही तिघींनी खुराड्याभोवती वीतभर चर खणला, जाळी पुरली, काठ बाहेर वाकवला, फळीखालची फट दगड-मातीनं बुजवली. लाकडांचा ढीग महादेवरावांनी एकट्यानं कुंपणाच्या कोपऱ्यात हलवला. एकेक लाकूड ते असं आपटत होते की त्यांना काय वाटतंय ते सगळ्यांना कळावं. त्यांना मी मैथिलीकडून निरोप धाडला होता की वडे होतील, पण बरोबर वालाचं बिरडं.

रविवारी दहा वाजता सगळे ऐनाखाली जमले. चाळीसेक माणसं असतील. मी मागे, रशिदाच्या आडोशाला उभी राहिले. रशिदाला मीच ओढून आणली होती. अनय रात्रीची शिफ्ट करून तसाच आला होता आणि त्याला अजून नीट काही माहीत नव्हतं. दिनानाथदादांनी धोंड्यावर पाणी घातलं, फूल वाहिलं, माझ्याकडून नारळ घेतला. लोकांत कुजबुज सुरू झाली. कोंबडा कुठाय?

दादांनी घसा खाकरला आणि जो आवाज लावला तो कोलाडच्या नाक्यावर गेला असेल.

"बा राखणदारा! आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी आलीत!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

"ह्या महादेवाच्या घरातली श्यामला. पोरांना शिकवून शहाणी केलीन, पण तुला घाबरते. कोणाला न सांगता तुला कोंबडा बोलली!"

"व्हय म्हाराजा!" पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली.

"कोंबड्याला नाव ठेवलं नाय, माया लागंल म्हणून. तरी माया लागली!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची सून परमुलखातली. ती म्हणाली, राखणीचा तो म्हणजे राखणच करणारा. तिनं त्याला पहाऱ्यावर लावला. आणि त्यानं मुंगूस पळवलं!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाजात हसू मिसळलं होतं. मैथिलीनं तोंडावर ओढणी घेतली.

"मग ह्या दोघींनी त्याच्या धडक्या पायाला पट्टी बांधून मला फसवायला बघितलं! सकाळी डावा पाय, सांजच्याला उजवा!"

वाडी खदखदली. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, आता दोन पोरांचा बाप झालेला साईराज तर पोट धरून वाकला. माझे कान जळत होते. जमीन दुभंगावी असं मला तेव्हा खरंच वाटलं.

दादांनी हात वर केला. सगळे गप्प झाले.

"तर बा राखणदारा, तिचा जीव त्या कोंबड्यावर जडलाय. तिला तो देववत नाय. म्हणून ह्यो नारळ आणलाय. चुकली असंल तर पदरात घे. महादेवाची जीभ खवळली असंल तर तीबी शांत कर. आणि मुंगसाचं पोट भर, पण दुसरीकडं भर." ते थांबले आणि गर्दीतून थेट माझ्याकडे बघितलं. "श्यामला, म्होरं ये. मी बोललो ते खरं का खोटं? तुझ्या तोंडानं सांग त्याला."

रशिदा बाजूला झाली. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि कोणी हसत नव्हतं. मी पुढे गेले. बत्तीस वर्षं वर्गात पोरांनी 'व्हय' म्हटलं की मी त्यांना उभं करायचे, "होय म्हणा, होय" म्हणून. साईराजच्या तर हातावर पट्टी मारली होती त्यासाठी. तो तिथेच उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

मी हात जोडले, आणि दिनानाथदादांपेक्षा मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"